कवेलू मृगाआधी फेरावे

बाबू,

परवा रात्री साडेदहाला तुझा फोन आला, तेव्हा आवाजावरूनच कळलं की आलापल्लीत लाइन जाऊन आली असणार. "मामाजी, सर्व्हर चालू झाला, पंखा फिरतो, दिवे लुकलुकतात, पण इंटरनेट काही येत नाही. आणि मी तर कशालाच हात लावला नाही." हे शेवटचं वाक्य मी टेलिफोन खात्यात असताना रोज ऐकत होतो, आणि बहुतेक वेळा ते खरं असायचं. तूही काही केलं नव्हतंस. मी तुला फक्त लॅनची तार काढून दहा आकडे मोजून परत लावायला सांगितली, आणि पुण्यात तुझ्या मावशीला तुझ्या आईच्या लग्नातले फोटो पुन्हा दिसू लागले.

तू म्हणालास, जादू झाली. तुझा सर्व्हर राउटरच्या आधी उठला होता, एवढंच झालं होतं. पण ते अर्ध्या रात्री फोनवर समजावता येईना, म्हणून आता सावकाश लिहितो. आपल्याकडे मामानं भाच्याच्या पाया पडायची रीत, तेव्हा रागवायचा हक्क मला तसाही नाही. शिवाय खाली लिहिलेली प्रत्येक चूक माझ्या हातून होऊन गेली आहे.

तुझ्या त्या डब्यात काय आहे ते मला ठाऊक आहे. भाऊजींनी वडशाकडच्या मंडपांत रात्र रात्र जागून टेप केलेली झाडीपट्टीची नाटकं, तुझ्या शाळेतल्या पोरांनी माडियात सांगितलेल्या गोष्टी, बालभारतीची पुस्तकं, आणि नेट नसतानाही वाचता यावा म्हणून उतरवून ठेवलेला अख्खा मराठी विकिपीडिया. पर्लकोटेच्या पुलावरून पाणी गेलं की भामरागड जसं एकटं पडतं, तसा तुझा डबा एकटा पडतो. आत सगळं शाबूत असतं, पण बाहेरच्याला पोचता येत नाही.

एक गोष्ट आधी मनात पक्की कर. रीबूट इंटरनेट घालवत नाही. पाऊस छप्पर फोडत नाही, फुटलेलं कवेलू दाखवतो. सर्व्हर महिनोन्‌महिने चालू असतो तेव्हा आपण त्याला बऱ्याच गोष्टी तोंडी सांगून ठेवतो. हा पत्ता घे, त्या वाटेनं जा, नावं याला विचार. चालू आहे तोवर तो ऐकतो. लाइन गेली की तोंडी सांगितलेलं पुसलं जातं, फायलीत लिहिलेलं तेवढं उरतं.

१. लाइन आल्यावर पहिली दहा मिनिटं कशालाच हात लावू नकोस, चहा ठेव — राउटरला कंपनीकडची जोडणी मिळायला दोन-तीन मिनिटं लागतात, आणि पत्ता न मिळालेले बरेचसे सर्व्हर पाचेक मिनिटं थांबून आपणहून पुन्हा विचारतात.

२. तरी नाही आलं तर क्रमानं उठव: आधी फायबरचा डबा, मग राउटर, मग स्विच, शेवटी सर्व्हर — विहिरीला पाणी येऊ दे, मग बादली सोड.

३. सर्व्हर बंद-चालू करण्याआधी नुसती लॅनची तार काढून लावून बघ — तार परत बसली की यंत्र राउटरकडे नव्यानं पत्ता मागतं. परवा तुझं काम एवढ्यानंच झालं.

४. राउटरच्या पाठीमागच्या बारीक भोकात पिन कधीही घालू नकोस. बटण बंद-चालू करणं वेगळं आणि हे वेगळं — पिन दाबून धरली की राउटर कारखान्यातून आला तसा कोरा होतो, आणि कंपनीच्या माणसानं भरून दिलेलं नाव-पासवर्डही जातं.

मी एका भाऊबीजेला ती पिन घातली होती. घर पाहुण्यांनी भरलेलं, पोट्टे मोबाइल हातात घेऊन माझ्या तोंडाकडे बघतायत, आणि पासवर्डची चिठ्ठी कुठे ठेवली ते आठवेना. दोन दिवस गेले. तेव्हापासून पुढची सवय लागली.

५. राउटरमधलं ते नाव-पासवर्ड आजच वहीत उतरव, आणि राउटरच्या सेटिंगची प्रत पेनड्राइव्हवर काढून ठेव — कंदील विझल्यावर काडेपेटी शोधायची नसते, ती कंदिलाशेजारीच असावी लागते.

६. आधी डोळ्यांनी बघ, मग बोटं चालव: फायबरच्या डब्यावर 'पॉन'चा दिवा हिरवा आणि स्थिर असेल तर काच घरापर्यंत शाबूत आहे, 'एलओएस'चा लाल लुकलुकत असेल तर नाही — लाल दिवा असताना घरात कितीही उलथापालथ केली तरी चामोर्शी रोडला जेसीबीनं तोडलेली तार जुळत नाही. आधी डब्याच्या बुडाशी ती पिवळी बारीक तार मुरगळली आहे का बघ, मग तक्रार नोंदव आणि झोप.

७. सर्व्हरच्या पाठीमागे लॅन पोर्टाशी दोन बारके दिवे असतात, ते पेटले आहेत का बघ — तिथे दिवाच नसेल तर पुढच्या सगळ्या आज्ञा व्यर्थ. तार बदल, नाहीतर पोर्ट बदल.

गेल्या श्रावणात माझ्याकडे राउटरच्या तिसऱ्या पोर्टात तार काही केल्या बसेना. टॉर्च लावून बघितलं, तर आत कुंभारीण माशीनं मातीचं घर लिंपलेलं. सुईनं हळूच खरवडलं, तर वाळलेल्या मातीचा पापुद्रा निघाला आणि त्यामागे तिनं पिल्लासाठी साठवलेल्या दोन हिरव्या अळ्या. आठ सोनेरी टाचण्यांपैकी एक वाकली ती वाकलीच. जंगलाकाठच्या घरात रिकामं भोक फार दिवस रिकामं राहत नाही.

८. रिकामी पोर्टं बुचानं किंवा कागदी टेपनं बंद कर, आणि डबे भिंतीवर छातीच्या उंचीला लाव — खाली मुंग्या आणि उंदीर, वर पत्र्याची धग.

९. ज्या तारेची प्लास्टिकची क्लिप मोडली आहे ती तार सर्व्हरला लावू नकोस — झाडू लागला की ती केसभर सरकते, दिसायला बसलेली असते आणि आतून सुटलेली.

१०. राउटर घडीघडी आपोआप बंद-चालू होत असेल तर राउटरला दोष देण्याआधी त्याचा अडॅप्टर बदलून बघ, पण व्होल्ट तेवढेच आणि अँपिअर तेवढे किंवा जास्त असलेला — मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, अडॅप्टरमधला कपॅसिटर त्यात सुकतो आणि दिवे लागतात तेवढीच ताकद उरते.

आता तपासायची रीत सांगतो. आमच्या वेळी खांबांवरून तांब्याची तार जायची. ती कुठे तुटली हे बघायला आम्ही एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत नसू, जंगलात दिवस पुरायचा नाही. मधल्याच एका खांबावर चढायचं, दोन्ही बाजूंना टेस्ट फोन लावून ऐकायचं. ज्या बाजूला शुकशुकाट, तेवढाच अर्धा आपला. मग त्याचा पुन्हा अर्धा. तुझ्या डब्यापासून जगापर्यंतसुद्धा असेच चार खांब आहेत.

११. पहिला खांब: सर्व्हरवर 'आयपी ए' लिहून त्याचा स्वतःचा पत्ता बघ, तुझ्या घरात तो १९२.१६८ नं सुरू व्हायला हवा, १६९.२५४ दिसला तर राउटरशी त्याचं बोलणंच झालेलं नाही — पत्ता द्यायला कोणी भेटलं नाही की काही यंत्रं स्वतःचं बारसं स्वतःच करून घेतात, आणि त्या नावानं गावात कोणी ओळखत नाही.

१२. दुसरा खांब: राउटरला पिंग कर, तुझ्याकडे तो १९२.१६८.१.१ आहे — उत्तर आलं म्हणजे घरातली तार, पोर्ट आणि स्विच सुटले.

१३. तिसरा खांब: ८.८.८.८ ला पिंग कर — हा गूगलचा आकड्यातला पत्ता आहे, नाव विचारत बसावं लागत नाही. इथून उत्तर आलं म्हणजे गावाबाहेरचा रस्ता उघडा आहे.

१४. चौथा खांब: विकिपीडियाला नावानं पिंग कर — आकड्यानं पोचतं आणि नावानं नाही, म्हणजे इंटरनेट आहे, फक्त नावावरून पत्ता सांगणारा डीएनएस झोपला आहे.

१५. ज्या खांबावर आवाज गेला तिथेच थांब आणि तिथलीच एक गोष्ट बदल. फरक नाही पडला तर आधी होती तशी कर — दोन गाठी एकदम ओढल्या की तिसरी बसते. हे मी तुला तुझ्या पतंगाच्या वयापासून सांगतो आहे, आणि तू अजून दोन्ही हातांनी ओढतोस.

१६. दुसऱ्या आणि तिसऱ्या खांबाच्या मध्ये अडलं तर 'आयपी रूट' लिहून 'डिफॉल्ट'ची ओळ बघ: नसेल तर सर्व्हरला गावाबाहेरची वाट माहीत नाही, दोन असतील तर तो चुकीच्या वाटेनं जाऊ शकतो — तुझ्याकडे तारही आहे आणि वायफायही चालू ठेवलं आहेस, सर्व्हरचं वायफाय बंद कर.

१७. आज्ञा देऊन घेतलेला पत्ता उसना असतो, फायलीत लिहिलेला आपला — 'आयपी' आज्ञेनं तू संध्याकाळी जे जोडतोस ते लाइन गेली की जातं, आणि सहा महिन्यांनी आपण ते कधी जोडलं होतं हेसुद्धा आठवत नाही.

१८. उबंटू असेल तर नेटप्लॅनची फाइल बदलण्याआधी तिच्या माथ्यावरच्या ओळी वाच — क्लाउड-इनिटनं बनवलेल्या फायलीत स्पष्ट लिहिलेलं असतं की इथले बदल रीबूटनंतर टिकणार नाहीत, आणि ते बंद कसं करायचं तेही तिथेच दिलेलं असतं. मी ती सूचना चार वर्षं वरवर बघून खाली सरकत होतो.

१९. नवी सेटिंग लावताना 'नेटप्लॅन ट्राय' वापर — तू १२० सेकंदांत होकार दिला नाहीस तर ती जुन्या सेटिंगवर परत जाते, म्हणजे दुसऱ्या गावातून काम करताना स्वतःच्याच हातानं दार लावून घेतलं असं होत नाही.

२०. नेटवर्कमॅनेजर आणि सिस्टिमडी-नेटवर्कडी या दोघांपैकी एकालाच कारभार दे — एका बैलजोडीला दोन कासरे धरणारे असले की बैल बिचारे उभेच राहतात. कोण आधी उठेल त्यावर तुझा पत्ता ठरतो, आणि दर रीबूटला आधी उठणारा वेगळा असू शकतो.

आता माझी सगळ्यात महागात पडलेली चूक. दोन वर्षांपूर्वी मी सर्व्हरमध्ये एक नवी डिस्क बसवली, स्लॉटमध्ये खोचायची ती. मदरबोर्डवर सगळं छान बसलं, चालू केलं, डिस्क दिसली, आणि इंटरनेट गेलं. मी डिस्क बसवताना लॅनला धक्का लागला असं धरून चाललो. तार बदलली, पोर्ट बदललं, शेवटी नागपूरहून नवं लॅन कार्ड मागवलं. त्यानंही काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी 'आयपी लिंक'ची यादी सावकाश, बोट ठेवून वाचली, तेव्हा दिसलं: जुन्या लॅनचं नाव आधी ईएनपी३एस० होतं, आता ईएनपी४एस० आहे. नव्या डिस्कनं मधली जागा घेतली, मागचे सगळे एक घर पुढे सरकले. सेटिंगच्या फायलीत मात्र ३ च लिहिलेलं. सर्व्हर बिचारा नसलेल्या माणसाची वाट बघत बसला होता.

२१. कार्ड, डिस्क किंवा कर्नल बदललं की पहिल्यांदा 'आयपी लिंक'मधलं नाव आणि फायलीतलं नाव शेजारी ठेवून अक्षर अक्षर जुळव — नाव बदललेल्याचं पत्र पोस्टातच पडून राहतं.

२२. शक्यतो फायलीत लॅनचं नाव नको, त्याचा मॅक पत्ता लिहून ओळख बांध — नाव जागेवरून पडतं, मॅक जन्मापासूनचा असतो.

२३. सर्व्हरला कायमचा पत्ता हवा तर तो राउटरमध्येच त्याच्या मॅकच्या नावानं राखून ठेव. नाहीतर राउटर ज्या आकड्यांतून पत्ते वाटतो त्याच्या बाहेरचा निवड — आत निवडलास तर सर्व्हर बंद असताना तोच पत्ता घरातल्या टीव्हीला जातो, आणि लाइन आल्यावर दोघं एकाच खाटेवर झोपायला येतात.

२४. घरभरच्या जाहिराती अडवायला तू सर्व्हरवरच डीएनएस बसवला आहेस, ते चांगलं. पण सर्व्हरला स्वतःला नावं विचारायला बाहेरचा एक पत्ता दे — उठताना त्याला आपलीच सेवा लागते आणि ती सेवा अजून उठलेली नसते. गाय वासराची आणि वासरू गायीची वाट बघत बसतं.

२५. बाहेर जायचा व्हीपीएन आपोआप चालू होत असेल, तर तपासताना तो आधी थांबव — काही व्हीपीएन जोडणी होईपर्यंत बाकीची सगळी दारं लावून ठेवतात, आणि आपण राउटरला बोल लावतो.

२६. पिंग सगळे लागतात आणि तरी एकही पान उघडत नाही, तर 'डेट' लिहून तारीख बघ — घड्याळ चुकलं की प्रमाणपत्रं खोटी ठरतात, आणि कुठलंही सुरक्षित संकेतस्थळ दार उघडत नाही.

या घड्याळाबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण लाइन जास्त जाणाऱ्या गावांतलं हे दुखणं आहे आणि शहरातल्यांना ते लवकर सुचत नाही. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्यासारखा एक गोल सेल असतो, सीआर२०३२. लाइन नसताना घड्याळ त्याच्यावर चालतं. तो मेला आणि लाइन तासभर गेली, की यंत्र उठताना दहा-पंधरा वर्षं मागची तारीख घेऊन उठतं. वेळ इंटरनेटवरून सुधारते हे खरं, पण वेळ विचारायला आधी नाव सोडवावं लागतं, आणि तुझा डीएनएस उत्तरांच्या सह्या तपासणारा असेल तर तोही चुकीच्या तारखेला ती उत्तरं नाकारतो. म्हणजे वेळेसाठी नाव अडलं, नावासाठी वेळ.

२७. तो सेल दर तीन-चार वर्षांनी, बिघडायची वाट न बघता बदल, आणि बदलल्याची तारीख डब्याच्या झाकणावर स्केच पेननं लिही — बदलताना बायोसच्या सेटिंग पुसल्या जाऊ शकतात, म्हणून आधी त्यांचे मोबाइलवर फोटो काढ.

२८. शाळेतला तो चिमुकला कम्प्युटर रास्पबेरी पाय ४ आहे, त्याला असं घड्याळच नाही. पाय ५ ला आहे, पण त्याचा सेल वेगळा आणून जोडावा लागतो — शाळेतला उठल्यावर वेळ बरोबर झाली का हे आधी बघ, बाकी मागून.

२९. काही वेळा इंटरनेट गेलेलंच नसतं, सर्व्हरच अर्ध्यात थांबलेला असतो: बाहेरची डिस्क न सापडल्यामुळे तो आणीबाणीच्या पडद्यावर उभा असतो — 'एफएसटॅब'मध्ये त्या डिस्कच्या ओळीत 'नोफेल' लिही, म्हणजे डिस्क नसली तरी तो पुढे जाईल.

३०. बायोसमध्ये 'लाइन परत आल्यावर काय करायचं' अशी एक सेटिंग असते, ती 'पॉवर ऑन'वर ठेव — तू आठवडाभर शाळेच्या खोलीवर असतोस, आणि बटण दाबायला म्हणून सूनबाईंना माहेरहून बोलवायचं का?

३१. राउटर आणि फायबरच्या डब्याला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लाव, सर्व्हरला मोठा — राउटर चालूच राहिला तर कोण आधी उठलं हा प्रश्न उरत नाही. आणि लाइन तीनदा झटके देऊन येते तेव्हा डिस्क वाचते.

३२. इन्व्हर्टरवर चालवणार असशील तर त्याच्या पाठीमागचा खटका 'यूपीएस'कडे ठेव, 'इको'कडे नको — 'इको'मध्ये बदल व्हायला थोडा जास्त वेळ लागतो; पंख्याला तो कळत नाही, कम्प्युटर तेवढ्यात बंद पडतो.

३३. तेंदूपत्त्याच्या दिवसांत दुपारून आभाळ काळं झालं की सर्व्हर नीट बंद कर आणि सगळे प्लग उपट — काचेच्या तारेतून वीज येत नाही, पण अडॅप्टरच्या तांब्यातून येते. आणि खांबावरून घरात येणाऱ्या काही फायबरमध्ये आधाराची पोलादी तार असते, ती डब्यापासून दूर, बाहेरच कापून घ्यायला लाव.

३४. घरात सगळं चालतं आणि फक्त पुण्याच्या मावशीला दिसत नाही, तर घराचा बाहेरचा पत्ता बदलला आहे का बघ — राउटर नव्यानं उठला की कंपनी बहुधा नवा पत्ता देते. पत्ता बदलला की नावाला आपोआप जोडणारी सेवा लाव, नाहीतर मावशी जुन्या घराचं दार वाजवत राहते.

३५. राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता १०० नं सुरू होत असेल आणि त्यापुढचा आकडा ६४ ते १२७ मधला असेल, तर पोर्ट उघडण्याचा खटाटोप सोड — तो पत्ता तुझ्या एकट्याचा नाहीच, कंपनीनं तो अनेक घरांत मिळून दिला आहे.

यात कंपनीची लबाडी नाही. जगाच्या मध्यवर्ती साठ्यातले जुन्या पद्धतीचे पत्ते २०११ च्या फेब्रुवारीत वाटून संपले. आणि ग्रामपंचायतींपर्यंत काचेची तार न्यायची योजना, जिला आज आपण भारतनेट म्हणतो, केंद्र सरकारनं मंजूर केली ती त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात. आपल्या गावांची पाळी आली तेव्हा पंगतीतली पानं उठली होती. मला याचं वाईट वाटतं, आजही वाटतं. पण त्यावर वाट आहे: सर्व्हरनं आतून बाहेर जोडणी करायची, वायरगार्ड किंवा टेलस्केलसारखं काही बसवून. बाहेरच्याला आत येता येत नसेल तर आपण उंबऱ्यावर जाऊन हात धरून आणायचं. कंपनी आयपीव्ही६ देत असेल तर तेही चालू करून घे, त्यात पत्त्यांचा तुटवडा नाही.

३६. सर्व्हरशेजारी एक जुना मॉनिटर, कीबोर्ड आणि त्यांची योग्य केबल कायम ठेव — नेट गेल्यावर नेटवरून आत जाता येत नाही; ही गोष्ट ऐकायला सोपी आहे, पण तुझ्याकडे केबल नव्हती हे मला परवा कळलं.

३७. दोष निघाला की लगेच 'जर्नलसीटीएल' उघडून या वेळच्या उठण्याच्या नोंदी वाच, आणि त्याआधीच्याही — लॅन कितव्या सेकंदाला उठली, पत्ता कधी मागितला, सगळं तिथे लिहिलेलं असतं. रोग्याला विचारल्याशिवाय औषध देऊ नये.

३८. एक वही कर, खरी कागदाची, आणि तारीख घालून दोन ओळी लिही: काय दिसलं, काय केलं — एक्स्चेंजमधल्या रजिस्टरमुळे मला मागच्या पावसाळ्यातला दोष या पावसाळ्यात पाच मिनिटांत सापडायचा, आणि सर्व्हरवर ठेवलेली वही सर्व्हर बंद असताना वाचता येत नाही.

३९. सूनबाईंना हे सगळं एकदा हातानं करायला दे, नुसतं सांगू नकोस. आणि डब्याच्या बाजूला पाच ओळींचा कागद चिकटव — कोणता डबा कोणता, कुठला दिवा हिरवा हवा, कोणता प्लग आधी. तू जंगलात असताना घर त्यांच्याच हातात असतं, आणि त्यांचे हात तुझ्यापेक्षा शांत आहेत.

४०. सर्व्हर तीनशे दिवस बंद झाला नाही हे मला कौतुकानं सांगितलंस, ते मला काळजीचं वाटलं — तीनशे दिवसांत तोंडी काय काय सांगितलं असशील ते आता तुलाही ठाऊक नाही.

४१. म्हणून वर्षातून दोनदा, एकदा मृगाआधी आणि एकदा दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम सुरू व्हायच्या तोंडावर, रविवारी सकाळी तू स्वतः रीबूट कर — ऊन असताना छपरावर घागर ओतून बघितली की कुठलं कवेलू सरकलं ते कळतं, आणि शिडी अजून कोरडी असते.

४२. त्या दिवशी सर्व्हर नीट बंद करून राउटर आणि सर्व्हर दोघांचाही प्लग उपट, आणि एकदम लाव — नुसत्या सर्व्हरचं रीबूट म्हणजे अर्धी परीक्षा. खरी लाइन जाते तेव्हा दोघंही एकत्र झोपतात.

४३. अपडेट शुक्रवारी संध्याकाळी करू नकोस, आणि जुनं कर्नल पुसून टाकायची घाई करू नकोस — नव्यानं लॅन ओळखली नाही तर उठताना यादीतून जुनं निवडता येतं.

यंदा मृग लागायच्या आधी, मेच्या शेवटच्या आठवड्यात, मी येणारच आहे. ब्रह्मपुरीहून आरमोरी, गडचिरोली, चामोर्शी, आष्टी करत सकाळची बस दुपारपर्यंत पोचवेल. तोवर शनिवारच्या गाडीनं एक पिशवी पाठवतो आहे. तीत दोन हात लांबीच्या दोन तारा आहेत, क्लिप मी स्वतः दाबून तपासल्या आहेत. एक सीआर२०३२ आहे, पाकीट फोडू नकोस. मॉनिटरची केबल आहे. काळं स्केच पेन आहे. आणि वर कापडात बांधलेले मोहाचे लाडू तुझ्या आईसाठी आहेत, ते राउटरवर ठेवू नकोस, मुंग्या येतील.

तुझा मामा